नीतूच्या टमाटरांची राखण

३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. 'टमाटरावरील विषाणूजन्य रोग : ओळख आणि प्रतिबंध' हे दोन दिवसांचं प्रशिक्षण काल पूर्ण केलं. सर्टिफिकेट मिळालं. शिक्का थोडा पुसट आहे, पण आहे. आईला दाखवलं तर ती म्हणाली, जेवाले देल्ले का तिथं? दिलं होतं. पण मुद्दा तो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारचं सत्र हुकलं. हॉलच्या आसपास खर्रा मिळेना, शोधत बस स्टँडपर्यंत जावं लागलं. परत आलो तर आभारप्रदर्शन चाललेलं. काही बिघडलं नाही. महत्त्वाचं सगळं पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं, ते म्हणजे पांढरी माशी. ती एका झाडाचा रस पिते, दुसऱ्यावर जाऊन बसते आणि रोग पसरतो. माशी रोखली की काम फत्ते.

आमच्या गावात सगळा धान. टमाटर एकाच ठिकाणी आहे, नीतूकडे. तेव्हा तिच्या वाडीची राखण आपण करायची, असं मी ठरवलं आहे. रोज सकाळी पाहणी. खाडा नाही. या डायरीत फक्त पिकाच्या नोंदी होतील. मनातलं वगैरे काही लिहायचं नाही, सदतिसाव्या वर्षी ते शोभत नाही.

४ नोव्हेंबर

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, रेकॉर्डसाठी. नीतू ही तिलकभाऊंची धाकटी बहीण. दहावीपर्यंत माझ्या वर्गात. लग्न होऊन बालाघाटकडे गेली होती, ते मोडलं आणि माहेरी परत आली. पिकाच्या दृष्टीनं एवढी माहिती पुरेशी आहे.

तिलकभाऊंनी तिला नाल्याकाठची पंधरा डिसमिल (सहा गुंठे) जागा दिली आहे, पण फक्त या हंगामापुरती. टमाटर जमला तर जागा कायमची तिच्याकडे. नाही जमला तर तिनं नागपूरला जायचं. तिथं मुलींच्या एका होस्टेलात स्वयंपाकाचं काम मावसबहिणीनं बघून ठेवलं आहे. हे सगळं तिनं रोपांना माती लावता लावता सांगितलं, मान वर न करता. म्हणाली, मले नाई जाचा नागपूरले. मी म्हटलं, जावं लागणारच नाही. ती म्हणाली, तुले का मालूम? मी म्हटलं, सर्टिफिकेट आहे.

७ नोव्हेंबर, सकाळ

पहिली पाहणी. प्रत्येक रोपाचं पान दोन बोटांत धरून, उलटून पाहिलं. माशी पानाच्या मागच्या बाजूला बसते, हे सामान्य माणसाला माहीत नसतं. एकही माशी नाही. नीतू म्हणाली, येवढ्या जवळून तं डॉक्टरही पेशंटले नाई पाहत. लोकांना काम दिसतं.

वाडीत जाण्याआधी भैयालालच्या पानठेल्यावर थांबतो. तो पन्नीत सुपारी, चुना, तंबाखू टाकून देतो, घोटायचं काम मी स्वतः करतो. दुसऱ्यानं घोटलेला खर्रा मला चालत नाही. चिमूट दाढेत धरली की नजर बारीक होते. अशा कामाला नजर लागते.

१२ नोव्हेंबर

खर्रा सोडायचा. आई रोज मागे लागलेली असते म्हणून नाही, माझा स्वतःचा निर्णय आहे. सोमवारपासून.

१३ नोव्हेंबर

माशीविरुद्ध युद्ध सुरू. पत्र्याचे तुकडे पिवळे रंगवले, त्यांवर ग्रीस लावलं, बांबूला बांधून वाडीभर टांगले. पिवळ्या रंगावर माशी भुलते. वाऱ्याच्या बाजूला आईची मच्छरदाणी कापून पडदा केला. (आईला अजून सांगितलेलं नाही.)

संध्याकाळपर्यंत सापळ्यात सापडलं ते असं : दोन डास, एक फुलपाखरू आणि माझ्या सदऱ्याची उजवी बाही. नीतू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग राखेनं चोळून चोळून तिनं बाहीचं ग्रीस काढून दिलं. चांगला वेळ लागला. मी हात पुढे करून उभा होतो आणि मला वाटत होतं, हे ग्रीस निघूच नये.

वरचं शेवटचं वाक्य नोंदीत धरायचं नाही.

१९ नोव्हेंबर

सोमवार काल होता. काल सकाळी पाहणी महत्त्वाची असल्यामुळे खर्रा सोडणं धोक्याचं वाटलं. पुढच्या सोमवारी नक्की.

आईला मच्छरदाणीचं कळलं. त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

२३ नोव्हेंबर

नवीन काम हाती घेतलं. टमाटरच्या पानाच्या बेचक्यात जी फूट येते ती खुडावी लागते, नाहीतर झाड नुसतं पसरतं. तिला बगलफूट म्हणतात. नीतू एकटी खुडत होती. मी म्हटलं, दोघांनी केलं तर लवकर होईल. अंगठ्याच्या नखानं टचकन खुडायची. माझा हात चांगला बसला आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, मागे वळून पाहायचं नाही. बोटं आधी हिरवी होतात, मग काळी.

काम झाल्यावर नीतूनं मोहाच्या झाडाखाली चहा दिला. केटलीतून दोन कप. त्याआधी म्हणाली, हात धुऊन घे ना गा, विहिरीवर साबन आहे. मी पॅन्टला पुसले. शेतकरी माणसानं मातीची घाण मानू नये, असं मी तिला समजावून सांगितलं. तिनं नुसता कप पुढे केला. पटलं असावं.

२९ नोव्हेंबर

मोहाखालच्या दोन ओळींची निगा जास्त घेतो आहे. तिथं सावलीमुळे लक्ष द्यावं लागतं. चहाही तिथंच असतो, पण तो योगायोग आहे.

१ डिसेंबर

घराच्या मागच्या वाडीत आईनं भेदऱ्याची (ती टमाटरला भेदरं म्हणते) चार झाडं लावली होती, ती आकसली. पानं चितकबरी. आई म्हणाली, बाबू, तू हात लावला का झाड मरते. तिला शास्त्र कळत नाही. ही झाडं तिनं खरकट्या पाण्यावर वाढवली होती, त्याचा परिणाम. मी तिला तसं सांगितलं. जेवण उशिरा मिळालं.

५ डिसेंबर

नीतूच्या वाडीत फाटकाजवळच्या एका झाडाच्या पानांवर फिकट आणि गडद हिरवे चट्टे दिसले. नीतूनं दाखवले. मी बारकाईनं पाहिलं, चुरून पाहिलं, वास घेतला. निदान : खताची कमतरता. या जमिनीत टमाटरच्या पहिल्याच वर्षी असं दिसणार, हे मला अपेक्षित होतं. शेजारच्या झाडाची पानंही चुरून पाहिली, तुलना करायला. ती ठीक आहेत.

नीतू म्हणाली, उपटून फेकू का हे झाड? मी म्हटलं, अजिबात नाही. माझ्या राखणीत एकही झाड मरणार नाही.

१२ डिसेंबर

शेजारचं झाडही तसंच. त्याच्या पुढचंही.

सापळे स्वच्छ. वाडीत पांढरी माशी औषधालासुद्धा नाही. म्हणजे हा रोग नाहीच. थंडी असावी. किंवा बिरसीच्या विमानतळावरून येणारं शिकाऊ वैमानिकांचं विमान. दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतं, त्या आवाजानं झाडं दचकत असतील. भैयालालला हा विचार सांगितला. तो म्हणाला, मंग धानाले काऊन नाई होत? भैयालालची बुद्धी ठेल्यापुरती आहे.

उपाय : पाहणी आता दिवसातून दोनदा. सकाळ आणि संध्याकाळ. प्रत्येक झाड, प्रत्येक पान.

१४ डिसेंबर

आज चहा दोनदा झाला.

नीतू बोलत बसली. बालाघाटला इतकी वर्षं काढली, पण घरामागं साधा कोथिंबिरीचा वाफा करू का म्हणून विचारलं तरी सासू म्हणायची, तुले का समजते. इथं पहिल्यांदाच काय लावायचं ते तिनं स्वतः ठरवलं. म्हणाली, सकारी उठून इकडं आली ना, का मले वाटते मी कोनाच्या तरी कामाची आहे. मी म्हटलं, आहेसच. एवढंच म्हणता आलं. आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. चहा आणखी मागितला, थंडीमुळे.

योजना : टमाटरची पहिली क्रेट गोंदियाच्या बाजारात गेली की दुसऱ्या दिवशी आईला तिलकभाऊंकडे पाठवायचं. आईला काय बोलायचं ते लिहून देईन. त्याआधी नाही. आधी पीक, मग बाकीचं.

१६ डिसेंबर, सोमवार

खर्रा सोडला!

१६ डिसेंबर, दुपार

डोकं धरलं आहे. नजर लागत नाही, दोन झाडं चुकून मोडली. पिकाच्या हितासाठी परत सुरू केला.

२१ डिसेंबर

रस्त्यात तिलकभाऊ भेटले. विचारलं, कसा आहे बहिणीचा टमाटर? मी म्हटलं, फर्स्ट क्लास. खर्रा पुढे केला, त्यांनीही घेतला. भावी नातं लक्षात घेता संबंध सलोख्याचे ठेवणं बरं.

२६ डिसेंबर

चट्टे विहिरीपर्यंत आले. मोहाखालच्या दोन ओळींत तर पानं इतकी बारीक आणि लांबट झाली आहेत की टमाटर आहे हे सांगावं लागेल. फळं धरली ती वाटाण्याएवढी होऊन थांबली. सर्वात जास्त मेहनत मी त्याच ओळींवर केली आहे. झाडांना माणसाच्या कष्टाची कदर नसते, हे आज कळलं.

नीतूनं सरळ विचारलं, लोकेश, खरं सांग, हे का होऊन राहिला? मी म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. ती उठून नाल्याकडच्या कोपऱ्यात गेली आणि तिथं एकटीच काम करत राहिली. आज चहा नव्हता. दूध संपलं असेल.

३० डिसेंबर

नीतूनं मला न विचारता कृषी सहायकाला फोन केला. खुमेंद्र नावाचा नवा मुलगा आहे. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. गावात सर्टिफिकेटवाला माणूस असताना बाहेरून कोणाला बोलवायची काय गरज होती?

४ जानेवारी

खुमेंद्र येऊन गेला. वाडीत शिरण्याआधी विहिरीवर साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. दिखाऊपणा. मला माझ्या सापळ्यांबद्दल दोन शब्द ऐकायचे होते, त्यानं फक्त 'हं' म्हटलं. पानं पिशवीत घेतली, तपासायला पाठवणार आहे. मग बांधावर बसून कागदावर वाडीचा नकाशा काढला आणि आजारी झाडं दिसतील तिथं लाल पेननं ठिपके देत बसला. ड्रॉइंगचा शौक असावा.

१२ जानेवारी, सकाळ

तपासणीचा निकाल घेऊन खुमेंद्र दहाच्या सुमाराला येणार आहे. नवीन सदरा घातला. पांढरी माशी असंच निघणार. निघालं की मी फक्त हसणार, काही बोलणार नाही.

१२ जानेवारी

पांढरी माशी नाही.

मोझॅक नावाचा विषाणू निघाला. खुमेंद्रनं नकाशा आमच्यासमोर धरला. फाटकापासून आत जाणारी ओळ लाल. तिथून विहिरीपर्यंत लाल. मोहाखालच्या दोन ओळींवर ठिपक्याला ठिपका चिकटलेला, खालचा कागद दिसत नव्हता. आणि नाल्याकडच्या कोपऱ्यात एकही ठिपका नाही. त्या कोपऱ्यात मी कधी जात नाही. तिथून मोहाचं झाड दिसत नाही.

खुमेंद्र म्हणाला, माशीनं आणलेला रोग इथं एक, तिथं एक असा उगवतो. हा ओळ धरून चालत आला आहे. हा माणसाच्या हातानं आला. मग त्यानं विचारलं, बगलफुटी कोण खुडतं? नीतू म्हणाली, आमी दोघं.

'दोघं' म्हणाली. एका क्षणासाठी मला बाकी काहीच ऐकू आलं नाही.

नंतर ऐकू आलं ते असं. हा विषाणू तंबाखूत असू शकतो. वाळला, कुटला, घोटला तरी जिवंत राहतो. खर्रा खाल्लेल्या बोटांनी फूट खुडली की ताज्या जखमेतून झाडात शिरतो, आणि मग त्याच बोटांनी पुढच्या झाडात, त्याच्या पुढच्या झाडात. पान नुसतं चुरलं तरी पुरतं. प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी दुपारी हेच तर शिकवतात, असंही तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, तुमच्यापैकी खर्रा कोण खातं?

माझ्या तोंडात खर्रा होता. तोंड उघडून बोलता येईना, आणि तिथं तिच्यासमोर थुंकताही येईना. गिळला. डोळ्यांतून पाणी आलं. खुमेंद्र समजायचं ते समजला आणि त्यानं नकाशाची घडी केली.

नीतू माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. माझ्या हातांकडे पाहत होती. मी ते पाठीमागे नेले.

१३ जानेवारी

शांतपणे विचार केला. नमुन्यांची अदलाबदल झालेली असू शकते. शिवाय अख्खा जिल्हा खर्रा खातो. त्या हिशेबानं जिल्ह्यात एकही झाड उभं राहायला नको होतं.

तरी खबरदारी म्हणून उपाय केला. खुमेंद्र म्हणाला होता की साबण नसेल तर दुधानं हात धुतले तरी विषाणू मरतो. आईनं तापवून ठेवलेल्या दुधात दोन्ही हात बुडवले. आईनं पाहिलं. सदतिसाव्या वर्षी मार खाल्ला.

हात घेऊन नीतूच्या वाडीवर गेलो. फाटक तारेनं बांधलं होतं. ती आतून म्हणाली, लोकेश, आतमंदी येऊ नको. मी म्हटलं, हात दुधानं धुतले आहेत. ती म्हणाली, ठीक आहे, पन येऊ नको. वाईट बोलली नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर तरी दिलं असतं.

ती एकटीच आजारी झाडं उपटून पोत्यात भरत होती. मी तारेबाहेर उभा राहिलो. मोहाखालच्या ओळींपाशी आली तेव्हा थोडी थांबली.

१४ जानेवारी

संक्रांत. आईनं तिळगूळ दिला. घेऊन कुठं जाणार?

काल संध्याकाळी खुमेंद्र येऊन नीतूला सांगत होता ते मला तारेपलीकडून ऐकू आलं. कोपऱ्यातली झाडं निरोगी आहेत, त्यांना फळ येईल. जमिनीत काही दोष नाही. पुढच्या वर्षी शुद्ध बी, जागा थोडी सरकवून लावायचं, आणि तंबाखूचा हात लागू द्यायचा नाही, की पीक नक्की. म्हणजे तिलकभाऊंनी आणखी एक वर्ष दिलं तर सगळं जमेल. तिलकभाऊ माणूस समजूतदार आहेत. देतील.

१७ जानेवारी

भैयालालच्या ठेल्यावर तिलकभाऊ भेटले. म्हणाले, नीतू म्हनते का रोग हातानं पसरला, जमिनीचा कसूर नाई, आखीन एक साल दे म्हनते. हात कोनाचा होता म्हनून पुसलं तं सांगत नाई. तू रोज तिथं असते, तू ट्रेनिंग केला आहे. तू सांग, का आहे ते.

मी सांगणारच होतो. शब्द तयार होते. पण भैयालाल कान देऊन ऐकत होता, म्हणजे दुपारपर्यंत गावभर झालं असतं. आणि एकदा बोललो असतो तर आईला कोणत्या तोंडानं त्यांच्या घरी पाठवलं असतं? शिवाय हातानं पसरला म्हटलं की पहिला संशय नीतूच्या हातावर जाणार. तिच्यावर बोट येऊ द्यायचं नाही, हे माझं कर्तव्य आहे. म्हणून म्हटलं, पांढरी माशी. निसर्गापुढं कोणाचं चालत नाही, तिची काही चूक नाही.

तिलकभाऊंनी मान हलवली. म्हणाले, तुयं म्हननं पटते. मी तिला वाचवलं. मनाला समाधान वाटलं.

१९ जानेवारी

तिलकभाऊंनी निर्णय दिला. माशी तं दरसाल येईन, मंग ते जागा टमाटरची नोहे. तिथं उन्हाळी धान लावणार. नीतूनं नागपूरला जावं.

हा निष्कर्ष त्यांनी स्वतः काढला. मी असं म्हटलं नव्हतं.

उद्या जाऊन खरं काय ते सांगतो. उशीर झालेला नाही.

२० जानेवारी

तिलकभाऊ गोंदियाला गेले होते.

२१ जानेवारी

त्यांच्याकडे पाहुणे होते. चारचौघांत असं बोलणं बरं नाही.

२२ जानेवारी

त्यांच्या घरापर्यंत गेलो. वहिनींनी चहा दिला. तिलकभाऊ समोरच बसले होते. पाऊसपाणी, धानाचा भाव, सगळं बोललो. निघताना ते म्हणाले, अजून काई होता का? मी म्हटलं, नाही.

२४ जानेवारी

आज वाडीत ट्रॅक्टर लावला. कोपऱ्यातली निरोगी झाडंही गेली. एवढ्याशा कोपऱ्यासाठी कायले वळवू म्हणाला ड्रायव्हर. तिलकभाऊ बांधावर उभे होते. मी जवळ गेलो, पण ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू गेलं नसतं.

खोटं लिहिलं. ट्रॅक्टर मधे दोनदा बंद झाला होता.

२७ जानेवारी

नीतू घरी आली. आईला टमाटर द्यायला. ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी कोपऱ्यातल्या झाडांवरचे तोडून ठेवले होते. लाल, गोल, गुळगुळीत, एकावरही डाग नाही. आई म्हणाली, किती बेस झाले वो, आणि रडायला लागली. मग आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

उद्याच्या गाडीनं जाणार, नीतू म्हणाली. मी म्हटलं, नागपूर काही लांब नाही. ती म्हणाली, नाई. मी म्हटलं, काम आवडेल. ती म्हणाली, मी दादाले तुयं नाव नाई सांगतला. मले वाटला, तू सांगशीन.

मी म्हटलं, मी सांगणारच होतो, पण योग्य वेळ. ती म्हणाली, हव.

जाताना दारात वळली. म्हणाली, तू झाडं पाहाले नाई येत होता, ते मले पयल्या दिवसापासून मालूम होता. मी घरून रोज दोघांचा चहा कायले आनत होती, तुले का वाटला?

मला काय वाटलं होतं, ते मी या डायरीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

२८ जानेवारी

फाट्यावर गेलो. तिलकभाऊ तिला सोडायला आले होते. बॅग मी चढवतो म्हटलं. म्हणाली, राहू दे. एका हातात बॅग, दुसऱ्यात पिशवी घेऊन स्वतःच चढली. गाडी निघाली तेव्हा खिडकीतून आधी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात वर केला नाही.

३१ जानेवारी

तीन दिवसांत खर्रा खाल्ला नाही. ठरवलं नव्हतं, तोंडात धरवतच नाही. आता त्याचा काही उपयोग नाही.

६ फेब्रुवारी

तिलकभाऊंकडे गेलो. ते नाल्याकाठी धानाची लावणी करून घेत होते. चिखलात उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सर्टिफिकेट, हुकलेलं सत्र, खर्रा, बगलफुटी, मोहाखालच्या ओळी, ठेल्यावर मारलेली थाप. आईला त्यांच्या घरी का पाठवणार होतो, तेही सांगितलं. लावणीच्या बायका काम थांबवून ऐकत होत्या. ऐकू देत.

वाटलं होतं, मारतील. त्यांनी मारलं नाही. चिखलाकडे पाहिलं. मग म्हणाले, ते एक साल मांगून राहिली होती. फक्त एक साल. हात जोडले होते तिनं माझ्यासमोर. तू हे पयले सांगतला असता तं मी देल्ला असता गा. तुयी माय आली असती तं तुले पन नाई कायले म्हटला असता?

मी म्हटलं, मग आता बोलवा तिला. ते म्हणाले, धान लागला. आता का बोलवू, उभं कराले जागा तं पायजे.

संध्याकाळी तिला फोन केला. मागे भांड्यांचा आवाज, पोरींचा कालवा. म्हटलं, तिलकभाऊंना सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं केला. मी विचारलं, तू कशी आहेस? म्हणाली, बरी. मग कोणीतरी तिला हाक मारली. म्हणाली, पोरींले वाढाचा आहे, ठेवू का?

मी म्हटलं, ठेव.

उद्या सकाळी मला कुठंही जायचं नाही.